लागीर, वारं, बाहेरची बाधा: सातारा-सांगलीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंत आणि वाईपासून मिरजेपर्यंत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, तेच इथे घेतले आहेत. घरात आत्ता कुणी घुमत असेल तर आधी प्रश्न 7 आणि 9 वाचा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

1. अंगात येणं, लागीर होणं आणि करणी हे सगळं एकच का?

नाही. अंगात येणं किंवा वारं येणं म्हणजे देवाचा संचार. यमाई, काळूबाई, यल्लम्मा, खंडोबा, सिद्धनाथ यांचं वारं बहुधा मानाचं समजतात. लागीर, बाधा, बाहेरचं म्हणजे नको असलेलं काहीतरी धरणं: मुंजा, हडळ, खवीस, समंध, पाण्यावरच्या आसरा. ज्याला धरलं त्याला देवरुषी ‘झाड’ म्हणतात. झाड घुमायला लागलं की त्याला नाव-गाव विचारायचं, काय घेऊन जाशील ते विचारायचं आणि उतारा टाकायचा, अशी ती रीत. करणी, मूठ, भानामती यांत मात्र बोट जिवंत माणसाकडे दाखवलं जातं, म्हणून तो प्रकार सगळ्यांत घातक (प्रश्न 17).

एकच घुमणं एका घरात देवी ठरतं आणि शेजारच्या घरात हडळ. पहिलीला हळदकुंकू मिळतं, दुसरीला मिरचीची धुरी. बाईचं पुढे काय होणार हे बऱ्याचदा या नावावरच ठरतं.

2. खरं सांगा, हे नाटक असतं ना?

बहुतेक वेळा नसतं. रोजच्या रस्त्याने गाडी चालवत घरी पोचलात की मधले दोन थांबे आठवत नाहीत. गाडी तुम्हीच चालवलेली असते, पण लक्ष दुसरीकडे असतं. मनाचा एक भाग असा सुटून आपापलं काम करू लागतो, त्याला विच्छेदन किंवा डिसोसिएशन म्हणतात. ताण, उपाशीपोट, जागरण, हलगी-संबळाचा एकसुरी ठेका, धूप आणि ‘आता येणार’ म्हणून रोखलेल्या शंभर नजरा एकत्र आल्या की हा भाग पूर्ण ताबा घेऊ शकतो. नंतर ‘मला काही आठवत नाही’ असं ती म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते.

त्या अवस्थेत काय बोलायचं हे मात्र माणूस आपल्या गावातूनच शिकलेला असतो. जिला घरात तोंड वर करून बोलता येत नाही, तिच्या तोंडून मेलेली आजेसासू बोलते आणि सगळं घर हात जोडून ऐकतं. हे ठरवून होत नाही, पण त्यातून काही मिळत असतं आणि म्हणून ते पुन्हा होतं. जाणूनबुजून घुमणारेही असतात. ते ओळखायला सोपे, कारण त्यांच्यासमोर दक्षिणेचं ताट असतं.

3. डॉक्टरांच्या भाषेत याला काय नाव आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये, ‘पझेशन ट्रान्स डिसऑर्डर’ ही वेगळी नोंद आहे. आपली ओळख जाऊन भूत, देव किंवा दुसरी कुणी व्यक्ती ताबा घेते, तेव्हा हे नाव. ओळख तशीच राहून नुसती तंद्री लागत असेल तर ‘ट्रान्स डिसऑर्डर’. यात अट अशी की ते इच्छेविरुद्ध व्हावं, त्याने त्रास व्हावा किंवा संसार-कामधंदा अडावा, आणि ते त्या समाजाच्या मान्य धार्मिक आचाराचा भाग नसावं. दारू, नशा, झोपेचा आजार किंवा मेंदूचा आजार हे कारणही नसावं.

पण ‘बाहेरचं’ म्हणून येणारा प्रत्येक जण या खान्यात बसत नाही. स्किझोफ्रेनिया (भास-संशयाचा आजार), उन्माद (मेनिया), फिट्स, मेंदूज्वर यांनाही बाहेरून पाहणारा हेच नाव देतो. त्यांचे उपचार एकमेकांपासून अगदी वेगळे, म्हणून आधी निदान.

4. आमच्या काकूंना दर पौर्णिमेला देवळात वारं येतं. त्या आजारी आहेत का?

वारं देवळात, ठरल्या वेळी येतं, आरती संपली की उतरतं, आणि एरवी काकू घर, शेत, हिशेब नीट सांभाळतात, तर हा आजार नाही. डॉक्टरही त्याला आजार म्हणणार नाहीत. ते घरात, एसटीत, नको तेव्हा येऊ लागलं, झोप-जेवण तुटलं किंवा काकूंना स्वतःलाच ते नकोसं झालं, तर दाखवा.

5. धर्मात तर भूतबाधा सांगितलीच आहे. मग तुम्ही नाही कसं म्हणता?

सांगितली आहे, पण काय सांगितलं आहे ते नीट पाहा. आयुर्वेदाच्या आठ अंगांत भूतविद्या किंवा ग्रहचिकित्सा हे एक अंग आहे. त्याच परंपरेत चरकाने असंही म्हटलं आहे की जो स्वतःच्या कर्माने क्लेशात पडलेला नाही त्याला ना देव छळतात, ना गंधर्व, ना पिशाच. मूळ दोष तो प्रज्ञापराधाला देतो, म्हणजे बुद्धी चुकून घडलेल्या वागण्याला. उपचारही तो तीन सांगतो: मंत्र, जप, होम यांचा दैवव्यपाश्रय, औषध आणि आहाराचा युक्तिव्यपाश्रय, आणि मनाला अहितापासून आवरणारा सत्त्वावजय. यात मारहाण करून भूत काढणं कुठेच बसत नाही.

समर्थांच्या मारुतिस्तोत्रात भूत, प्रेत, समंध आणि रोगव्याधी एकाच ओळीत येतात. त्यावर उपाय म्हणून स्तोत्रपठण आहे, चटके नाहीत. दत्तसंप्रदायात औदुंबर, नृसिंहवाडी, गाणगापूर इथे बाधेची माणसं पूर्वापार नेली जातात. तिथला मूळ आचारही सेवा, प्रदक्षिणा आणि पारायण हाच.

इस्लामात जिन मानतात आणि त्यावर रुकया, म्हणजे कुराणातल्या आयतल कुर्सी, फलक आणि नास यांचं पठण करतात. रोमन कॅथलिक चर्चचा भूत काढण्याचा विधी 1614 सालचा, नवा पाठ 1999 चा. बिशपच्या स्पष्ट परवानगीशिवाय कोणताही पाद्री तो करू शकत नाही आणि आधी आजाराची शक्यता तपासावी लागते. एवढं असूनही जर्मनीत अ‍ॅनेलिझे मिखेल ही 23 वर्षांची मुलगी 1 जुलै 1976 रोजी उपासमारीने गेली. तिला फिट्सचं निदान झालेलं होतं, तिच्यावर 67 वेळा विधी झाले होते, आणि शेवटी उपचार बंद होते. 1978 मध्ये आई-वडील आणि दोन पाद्री यांना न्यायालयाने दोषी ठरवलं.

भूत आहे की नाही हा वाद इथे मिटणार नाही, आणि पेशंटसाठी तो मिटण्याची गरजही नाही. तुमची श्रद्धा कोणतीही असो, ताप मोजता येतो.

6. तिला कानडीचं अक्षर येत नव्हतं, अंगात आल्यावर घडाघडा बोलली. आणि चार गड्यांना आवरत नव्हती. हे कसं?

जत, मिरज, कवठेमहांकाळ भागात कानडी बाजारात, एसटीत, ऊसतोडीच्या टोळीत कानावर पडतच असते. बोलता न येणारी भाषासुद्धा तुकड्या-तुकड्यांनी डोक्यात साठते आणि तंद्रीत बाहेर पडते. पारखायचं तर मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि जाणत्या कानडी माणसाला ऐकवा. बहुधा दहा-वीस शब्द, शिव्या आणि देवांची नावं फिरून फिरून येतात. नव्या प्रश्नाला नीट वाक्यात उत्तर येत नाही.

ताकदीचं म्हणाल, तर आपण एरवी दुखेल म्हणून जोर राखून लावतो. त्या अवस्थेत वेदना जाणवत नाही आणि राखणं सुटतं. आवरणारे चौघे मात्र तिला लागू नये म्हणून जपून धरत असतात. दुसऱ्या दिवशी तिचं अंग ठणकतं, ते याचमुळे.

7. कोणत्या लक्षणांत देवरुषी, पंचांग सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा?

ताप आणि बरळणं एकत्र आलं, मान ताठ झाली, उजेड सहन होईना: मेंदूज्वर समजा. यात तास मोजायचे असतात.

बाळंतीण. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत झोप उडणं, संशय, ‘हे बाळ माझं नाही’ असली भाषा, कधी गप्प तर कधी अनावर. हजार बाळंतिणींत एक-दोघींना हा तीव्र आजार होतो आणि आपल्याकडे तिला सरळ हडळ धरली म्हणतात. बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवू नका, तिलाही एकटं सोडू नका. वेळेत औषध मिळालं तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात.

रोज पिणाऱ्याने दारू एकदम सोडली आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हात थरथरून त्याला भिंतीवर किडे, साप, मेलेली माणसं दिसू लागली. हे दारू तुटल्याचं सन्निपात आहे, जिवावर बेततं आणि घरी उतरवता येत नाही.

म्हातारं माणूस एक-दोन दिवसांत बदललं, दिवसा झोपतं, रात्री भांडतं, मेलेल्यांशी बोलतं: लघवीतला संसर्ग, रक्तातलं सोडियम घसरणं किंवा नवी गोळी यांपैकी काहीतरी निघतं. मधुमेही घामाघूम होऊन असंबद्ध बोलत असेल तर शुद्धीत असताना साखरपाणी द्या आणि मग निघा.

तरुण मुलगी, आजवर ठणठणीत, दोन-चार आठवड्यांत विचित्र वागू लागली, मग फिट, तोंडाच्या-जिभेच्या हालचाली, बोलणं बंद. मेंदूवर शरीराचीच प्रतिकारशक्ती उलटण्याचा एक आजार आहे. 2007 मध्ये त्याचं नेमकं कारण कळलं. कधी त्यामागे अंडाशयातली गाठ असते. यावर उपचार आहे, पण तो लागीर म्हणून महिनोन्‌महिने फिरवणाऱ्यांच्या हाती लागत नाही.

याशिवाय: 5 मिनिटांत न थांबलेला झटका, डोक्याला मार, जीव देण्याची भाषा, दोन दिवस अन्नपाणी बंद, कुत्रं चावल्याच्या इतिहासानंतर पाण्याची भीती. गाडीसाठी 108.

8. फिट आहे की वारं, घरच्या घरी कसं ओळखायचं?

पक्कं ओळखता येत नाही, पण डॉक्टरला उपयोगी पडेल इतकं पाहता येतं. खरी फिट एकदम येते, बहुधा 1 ते 3 मिनिटांत थांबते, डोळे उघडे असतात, जिभेची कड चावली जाते, कपड्यात लघवी होते, आणि नंतर माणूस अर्धा-एक तास सुन्न झोपतो. झोपेत किंवा एकटं असतानाही येते. विच्छेदनाचा झटका माणसांत येतो, डोळे घट्ट मिटलेले, हालचाल वाढते-कमी होते, अर्धा तासही चालतो, आणि पडताना मोठी इजा क्वचित होते.

घोळ असा की एकाच माणसाला दोन्ही असू शकतं. शिवाय मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातली फिट अंग न झटकताच येते: पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, नसलेला वास येतो, माणूस टक लावून ओठ चाटतो, कपडे चाचपतो, बोलत नाही. यालाच सगळ्यांत जास्त वेळा ‘काहीतरी दिसलं तिला’ म्हणतात.

मोबाइलवर व्हिडिओ घ्या, चेहरा आणि डोळे दिसतील असा, सुरुवात ते शेवट. ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) नॉर्मल आला म्हणून फिट नाही असं ठरत नाही, हेही लक्षात असू द्या. व्हिडिओ डॉक्टरलाच दाखवा, भावकीच्या ग्रुपवर टाकू नका.

9. अंगात आलंय, घरात पंधरा माणसं जमलीत. आता करायचं काय?

आधी माणसं बाहेर काढा. दोघं पुरेत, त्यांतलं एक तिच्या विश्वासाचं. कोयता, खलबत्ता, चूल, स्टोव्ह दूर करा. विहिरीकडचं दार लावा. खाली सतरंजी घाला. धरून ठेवू नका. ती स्वतःला किंवा दुसऱ्याला लागेल असं करत असेल तरच, आणि तेही छाती-मान न दाबता.

‘कोण आहेस, काय पाहिजे’ हे प्रश्न विचारू नका. त्या प्रश्नानेच भुताला नाव मिळतं आणि पुढच्या वेळी ते नाव घेऊनच येतं. हलक्या आवाजात तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारा, ती कुठे आहे, जवळ कोण आहे ते सांगा. उतरल्यावर पाणी द्या, झोपू द्या. त्याच वेळी उलटतपासणी नको.

फिट असेल तर कुशीवर वळवा, घड्याळ लावा. कांदा, चप्पल, लोखंड काही नको, आणि दातांत चमचा तर मुळीच नको; दात मोडतात आणि श्वासात अडकतात.

10. दवाखान्यात वर्ष घालवलं, फरक नाही. देवरुषाने दोन अमावास्यांत बरं केलं. यावर काय म्हणाल?

बरं वाटलं हे खरं आहे. विच्छेदनाच्या त्रासात असं होऊ शकतं आणि त्याची कारणं कळण्यासारखी आहेत. देवरुषी तासभर ऐकतो. सरकारी ओपीडीत पाच मिनिटं मिळाली तर नशीब. तो दोष बाहेरच्या कशावर तरी टाकतो, त्यामुळे घरचे सुनेला दोष द्यायचं थांबतात. मनातलं घुसमटलेलं सगळ्यांसमोर बोलता येतं. आणि कित्येक त्रास आपोआप चढतात-उतरतात. माणूस तो चढलेला असतानाच देवरुषाकडे जातो, मग उतार त्याच्या खात्यावर जमा होतो.

स्किझोफ्रेनियात, उन्मादात, फिट्समध्ये मात्र हा हिशेब चालत नाही. तिथे उतार चार दिवसांचा आणि उशीर कायमचा. पहिल्या लक्षणापासून औषधापर्यंत जितका काळ जातो, तितका पुढचा सुधार कठीण होतो.

11. औषध चालू ठेवून देवाला नेलं तर चालेल का?

चालेल. चांगले मनोविकारतज्ज्ञ यात आडवे येत नाहीत. तीन गोष्टी मात्र ठाम ठेवा: ‘गोळ्या बंद करा, नाहीतर देव कोपेल’ म्हणणाऱ्याकडून उठून या, अंगाला हात, काठी, धुरी लावू देऊ नका, आणि न ओळखीचं काही पाजू देऊ नका. बंद खोलीत ‘बाईला एकटीला ठेवा’ म्हटलं तर तिथे एक मिनिटही थांबू नका.

यात्रेच्या ऐन दिवशी नेऊ नका. मांढरदेवला 25 जानेवारी 2005 च्या चेंगराचेंगरीत जवळपास 300 भाविक गेले. गोंधळलेल्या पेशंटला त्या गर्दीत सावरणं कुणालाही जमणार नाही. आडवारी जा, देवी तीच असते.

12. पहाटे जाग येते, अंग हलत नाही, छातीवर कुणीतरी बसलेलं असतं.

हा निद्रापक्षाघात. स्वप्नाच्या झोपेत शरीराचे स्नायू मुद्दाम सैल ठेवलेले असतात. मेंदू जागा होतो आणि ती पकड काही सेकंद ते दोन-चार मिनिटं तशीच राहते. उताणं झोपणं, रात्रपाळी, अपुरी झोप यांनी वाढतो. कुशीवर झोपा, झोपेची वेळ बांधा. दिवसाही अनावर झोप येत असेल तरच डॉक्टर.

13. नेमकं कुठे जायचं आणि डॉक्टरला सांगायचं काय?

मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आणि साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय इथे मनोविकार विभाग आहेत. भरती लागलीच तर येरवडा आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. फोनवर बोलायचं असेल तर टेलि-मानस, 14416, चोवीस तास, मोफत, मराठीत.

जाताना कागदावर लिहून न्या: पहिल्यांदा कधी, किती वेळ, आधी काय घडलं होतं, मधल्या दिवसांत माणूस कसा असतो, झोप किती, घराण्यात कुणाला. ‘बाहेरचं आहे असं आम्हाला वाटतं’ हेही सांगा आणि आजवर कुठे कुठे नेलं तेही. लपवलेला काढा किंवा जडीबुटी नव्या गोळीशी भांडू शकते. तीव्र मानसिक आजाराच्या गोळ्यांचा गुण दिसायला 2 ते 6 आठवडे लागतात. पंधरा दिवसांत डॉक्टर बदलणारा घरात फक्त गोळ्यांचा साठा करतो.

14. तो म्हणतो, ‘मला काही झालेलं नाही, तुम्हीच वेडे’. कसं न्यायचं?

‘तुला वेड लागलंय’ म्हणून कुणी येत नाही. झोप येत नाही, डोकं जड होतं, भूक नाही, यांतलं जे तो स्वतः मान्य करतो त्या तक्रारीसाठी न्या. लग्नाला चाललोय असं फसवून नेऊ नका. पुढची दहा वर्षं तो तुमच्या गाडीत बसणार नाही. घरच्या एकाने आधी जाऊन डॉक्टरला भेटणंही चालतं. अगदीच धोका असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार नातेवाइकाच्या अर्जावर 30 दिवसांपर्यंत भरती करता येते.

15. बांधून ठेवला नाही तर पळतो, दगड मारतो. साखळीशिवाय इलाजच नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 95 ने साखळदंडाने बांधण्यावर बंदी आहे. तमिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 च्या आगीत 28 मनोरुग्ण गेले. साखळ्यांमुळे त्यांना पळता आलं नाही. घरात कुणाचे हाल होत आहेत असं दिसलं तर पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याने कलम 101 नुसार दंडाधिकाऱ्याला कळवायचं असतं, त्यामुळे तुम्ही स्वतः ठाण्यात मदत मागू शकता. हातघाईवर आलेला पेशंट इंजेक्शनने काही तासांत शांत होतो, हे साखळी घालणाऱ्या घराला बऱ्याचदा कुणी सांगितलेलंच नसतं.

16. देवरुषाकडे गेलो तर आमच्यावर केस होईल का?

नुसतं गेल्याबद्दल नाही. अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर मूळचे साताऱ्याचे. त्यांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. पूजा, वारी, कीर्तन, पारायण, प्रदक्षिणा यांना तो हात लावत नाही. गुन्हा कशाचा, ते अनुसूचीत लिहिलं आहे: भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी, चटके, छताला टांगणं, मलमूत्र पाजणं, चमत्काराच्या दाव्याने फसवून पैसे काढणं, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचार रोखणं. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं, दंड 5,000 ते 50,000 रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. मदत करणाराही अडकतो, म्हणजे पोरीचे हात धरणारा काकासुद्धा.

17. गावाने आमच्या आजीला करणीवाली ठरवलंय. शिवाय शेजारी म्हणतात घरावर दगड पडतात, कपडे आपोआप जळतात.

एखाद्याला करणी करणारा ठरवून त्याला त्रास देणं हा प्रश्न 16 मधल्याच कायद्याखाली गुन्हा आहे. लेखी तक्रार द्या, तारखा आणि शब्द जसेच्या तसे लिहा, आणि ठाण्यात दक्षता अधिकारी कोण ते विचारा. आजीला काही दिवस पाहुण्यांकडे पाठवण्याचा सल्ला लोक देतात. धोका असेल तर पाठवा, पण तक्रार दिल्यानंतर.

भानामतीमागे माणसाचा हात असतो, बऱ्याचदा घरातल्याच. कोणत्या वेळी, कोणत्या खोलीत, तेव्हा कोण कुठे होतं याची वही आठ दिवस ठेवा. एक व्यक्ती प्रत्येक वेळी जवळपास निघते. ती बऱ्याचदा शाळकरी मुलगी किंवा नवी सून असते. पकडली म्हणून मारू नका. तिला काय सांगायचं होतं ते एकांतात विचारा. मारलंत तर तेच प्रकार दुप्पट होतील.

18. दवाखान्यात इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्याच दिवशी मान वाकडी, डोळे वर, जीभ बाहेर. भूत चिडलं का?

नाही. काही मनोविकाराच्या औषधांनी पहिल्या काही दिवसांत स्नायू असे आखडतात, तरुण मुलग्यांत जास्त. दिसतं भयंकर, आणि हाच क्षण पाहून कित्येक घरं कायमची देवरुषाकडे वळतात. त्याच दिवशी परत न्या. हा परिणाम काढणारं औषध दिलं की बहुधा अर्ध्या तासात सुटतं. मग डोस किंवा गोळी बदलतात. श्वासाला किंवा गिळायला अडचण असेल तर थांबूच नका.

19. गोळ्या नेमाने चालू आहेत, तरी महिन्यातून दोनदा अंगात येतंच.

मग कदाचित गोळीचा प्रश्नच नाही. विच्छेदनावर थेट लागू पडणारी गोळी नाही. गोळी सोबतचं नैराश्य आणि भीती कमी करते. मुख्य उपाय समुपदेशन, आणि तेही एकट्या सुनेचं नाही. त्या दोन दिवशी घरात काय असतं ते पाहा: नवऱ्याची दारू, माहेरी जाण्याचा नकार, मूल होत नाही म्हणून टोमणा. घरात मारहाण किंवा लैंगिक अत्याचार होत असेल तर तो थांबल्याशिवाय वारं थांबत नाही. समुपदेशकाने तिच्याशी सासूशिवाय बोलायला हवं, आणि तसं मागायला संकोचू नका.

20. औषधाने माणूस बरा झाला, पण देवीचा नवस बोललेलो. फेडायचा का?

फेडा, पण डॉक्टरला आधी सांगा. लिथियमच्या गोळ्या चालू असतील तर निर्जळी उपास नको आणि मीठही एकदम तोडू नका. शरीरातलं पाणी-मीठ घटलं की लिथियमची पातळी चढते आणि हातपाय थरथरणं, जुलाब, झोकांड्या सुरू होतात. फिटचा किंवा उन्मादाचा पेशंट असेल तर रात्रभर गोंधळ-जागरणाला त्याला बसवू नका. एका रात्रीची झोप बुडाली तरी आजार उलटतो. मान त्याच्या नावाने दुसऱ्याने घ्यावा. बोकडाच्या जेवणाबरोबर दारू फिरत असेल तर त्याचं ताट वेगळ्या पंगतीत, आणि रात्रीच्या गोळ्या नेणाऱ्याच्या खिशात.